व्होल्टेज आणि करंट माहीत असेल तर रोध आणि वॅट कसे काढायचे

गणपती पंधरा दिवसांवर आले की पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मखरासाठी एलईडी पट्टी घ्यायला गेलेल्या माणसाला काउंटरमागचा मुलगा विचारतो, "अडॅप्टर किती अँपिअरचा देऊ?" आणि माणूस पट्टीकडे बघत राहतो. पट्टीवर १२ व्होल्ट छापलेलं असतं, वॅटचा आकडा पाकिटावर असतो, अँपिअर कुठेच नसतात. खरं तर उत्तर त्या दोन आकड्यांतच असतं, एक भागाकार केला की झालं.

हा लेख अशा माणसासाठी आहे. दहावीत ओहमचा नियम वाचला होता, मार्कही मिळाले होते, पण समोर गिझर, पट्टी किंवा पंप आला की कुठला आकडा कुठे घालायचा ते सुचत नाही. पाण्याच्या टाकीची उपमा तुम्ही शाळेत ऐकलेली असणारच, ती इथे बाजूला ठेवतो. आपण थेट वस्तूंवर काम करू.

आधी दोन सूत्रं

जर्मनीच्या गेऑर्ग ओहमने १८२७ साली मांडलेला संबंध असा:

व्होल्टेज = करंट × रोध

म्हणजे रोध हवा असेल तर व्होल्टेजला करंटने भागायचं. उत्तर ओहममध्ये येतं.

दुसरं सूत्र शक्तीचं:

वॅट = व्होल्टेज × करंट

एवढीच दोन पाठ करा. बाकीची दोन यांच्यातूनच निघतात: करंट माहीत नसेल तर वॅट = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध, आणि व्होल्टेज माहीत नसेल तर वॅट = करंट × करंट × रोध. चारपैकी कुठलेही दोन आकडे हातात असले की उरलेले दोन काढता येतात.

नवशिक्यांची पहिली चूक सूत्रात नसते, एककात असते. मीटर मिलिअँपिअर दाखवतो आणि सूत्राला अँपिअर लागतात. मिलिअँपिअरला १००० ने भागा, मगच पुढे जा. १२ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर म्हणजे ०.५ अँपिअर. रोध २४ ओहम, शक्ती ६ वॅट. भागायला विसरलात तर शक्ती ६००० वॅट येईल. सहा हजार वॅट म्हणजे एका वेळी चालू असलेले तीन गिझर! मुठीएवढ्या अडॅप्टरमधून एवढं काही निघणार नाही, हे आकडा बघताच लक्षात यायला हवं. कुठलंही उत्तर आलं की ते घरातल्या ओळखीच्या वस्तूशी ताडून बघायची सवय लावून घ्या. एलईडी बल्ब ९ वॅट, जुना पंखा ७५, इस्त्री १०००, गिझर २०००. एवढे चार खुंट पुरतात.

आकडे कुठले घ्यायचे

माझ्या मते सगळी मेख इथे आहे, आणि पुस्तकात याला एक ओळसुद्धा मिळत नाही. व्होल्टेज *त्याच वस्तूच्या* दोन टोकांमधलं हवं, करंट *त्याच वस्तूतून* जाणारा हवा, आणि दोन्ही *एकाच वेळचे* हवेत. या तीनपैकी एक अट मोडली तर कॅल्क्युलेटर मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो. पुढची सगळी उदाहरणं याच अटीवर घासून बघणार आहोत.

हात बसवण्यासाठी: १२ व्होल्ट आणि एक रेझिस्टर

घरातल्या २३० व्होल्टवर शिकायला सुरुवात करू नका. १२ व्होल्टचा डीसी अडॅप्टर, १ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर (पट्टे तपकिरी, काळा, लाल, सोनेरी) आणि स्वस्तातला पिवळा मल्टिमीटर एवढं सामान पुरतं.

पहिल्यांदा रेझिस्टर अडॅप्टरला जोडा आणि मीटर डीसीच्या २० व्होल्ट रेंजवर ठेवून रेझिस्टरच्या दोन पायांना काड्या लावा. समजा १२.१ दिसलं. आता करंट. यासाठी मीटर वाटेत घालावा लागतो: अडॅप्टरच्या प्लसपासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून मीटरची लाल काडी, आणि काळी काडी अडॅप्टरच्या मायनसला. रेंज २० मिलिअँपिअर. समजा ११.९ आले. मग

रोध = १२.१ ÷ ०.०११९ = सुमारे १०१७ ओहम
वॅट = १२.१ × ०.०११९ = ०.१४४

सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, त्यामुळे ९५० ते १०५० मधलं काहीही बरोबर. शक्ती पाव वॅटच्या आत आहे, रेझिस्टर हाताला जेमतेम कोमट लागेल.

आता कागदावरच हेच १०० ओहमच्या रेझिस्टरसाठी करा. करंट ०.१२ अँपिअर, वॅट १.४४. पाव वॅटच्या रेझिस्टरवर जवळपास सहापट भार. तो आधी तपकिरी पडतो, मग वास येतो. रोध काढला आणि वॅट काढायचा कंटाळा केला की हे होतं. दोन्ही हिशेब जोडीनेच करायचे.

काम झालं की लाल काडी मधल्या भोकातच आहे का, हे बघा. या स्वस्त मीटरांमध्ये १० अँपिअरचं वेगळं भोक असतं आणि त्याला बहुतेकदा आत फ्यूज नसतो. त्या भोकातून मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. काडी तिथेच विसरून कुणी प्लगमधलं व्होल्टेज मोजायला गेलं की सरळ शॉर्ट: मोठा जाळ, वितळलेली काडी आणि डोळ्यांना इजा. शिवाय हे मीटर एसी करंट मोजतच नाहीत, त्यामुळे घरच्या लाइनचा करंट त्यांनी मोजायचा प्रश्नच येत नाही.

एलईडी: व्होल्टेज कुणाचं?

१२ व्होल्टवर एक लाल एलईडी लावायचा आहे, १५ मिलिअँपिअरवर. बरेच जण १२ ÷ ०.०१५ करून ८०० ओहम काढतात. पण ते १२ व्होल्ट रेझिस्टरचे नाहीत. लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्ट ठेवून घेतो, रेझिस्टरच्या वाट्याला १० उरतात. १० ÷ ०.०१५ = ६६७ ओहम. दुकानात ६६७ मिळत नाही, ६८० मिळतो, तो घ्या. करंट १४.७ मिलिअँपिअर होईल, रेझिस्टरवर ०.१४७ वॅट जातील आणि एलईडीवर फक्त ०.०३. म्हणजे बहुतेक वीज रेझिस्टर तापवण्यातच जाते. म्हणून पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत घालून एकच रेझिस्टर देतात.

एलईडीचा स्वतःचा रोध २ ÷ ०.०१४७ = १३६ ओहम असं कुणी लिहिलं तर आकडेमोड बरोबर आहे, उपयोग शून्य आहे. त्याच एलईडीला १ व्होल्ट दिला तर ७ मिलिअँपिअर जाणार नाहीत, जवळजवळ काहीच जाणार नाही. ओहमचा नियम सगळ्या वस्तू पाळत नाहीत. एलईडीत व्होल्टेज थोडं वाढलं की करंट एकदम उसळतो.

आता मखराकडे. पट्टीला रोधाचं सूत्र लावायच्या फंदात पडू नका, वॅटवरून जा. साध्या पट्टीवर दर मीटर लांबीला ४.८ वॅट लिहिलेलं असेल तर पाच मीटरच्या रिळाला २४ वॅट, म्हणजे २४ ÷ १२ = २ अँपिअर. अडॅप्टर ३ अँपिअरचा घ्या, काठावरचा नको, कारण तो दहा दिवस रात्रंदिवस चालणार आहे. जास्त उजेडाची, मीटरला १४.४ वॅटवाली पट्टी घेतलीत तर ७२ वॅट, ६ अँपिअर. तिला २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर तो बंद पडतो किंवा चटका बसेल इतका तापतो. मोठ्या अँपिअरचा अडॅप्टर लावल्याने मात्र पट्टी जळत नाही, वस्तू हवा तेवढाच करंट ओढते. जळते ती व्होल्टेज चुकलं तर. रिळाचं शेपूट मंद दिसत असेल तर अडॅप्टर बदलू नका. पट्टीतलं तांबं पातळ असतं, वाटेतच व्होल्टेज गळतं. दुसऱ्या टोकालाही तीच वायर आणून जोडा.

गिझर: काहीही न उघडता

घरातली हिशेबाला सगळ्यात सरळ वस्तू म्हणजे गिझर. आत कॉइल असते, बाकी भानगड नाही. २३० व्होल्ट, २००० वॅट असं पाटीवर असतं.

करंट = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर
रोध = २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम

८.७ अँपिअर म्हणजे गिझरला १६ अँपिअरचा मोठा प्लग का लागतो हेही कळलं. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये कन्व्हर्टर घालून गिझर चालवणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

रोध पडताळून बघता येतो. गिझरचा प्लग सॉकेटमधून पूर्ण *बाहेर काढा*. मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन काड्या एकमेकींना टेकवा. ०.४ वगैरे दिसेल, तो काड्यांचा रोध, तो नंतर वजा करायचा. मग प्लगच्या दोन सारख्या पिनांवर काड्या धरा. पाणी थंड असेल आणि गिझरवर स्वतःचा स्विच असेल तर तो चालू असेल, तर २६ च्या आसपास आकडा आला पाहिजे. पाणी गरम असताना मोजलंत तर थर्मोस्टॅटने वाट तोडलेली असते आणि मीटर डावीकडे नुसता १ दाखवतो. लगेच "कॉइल गेली" म्हणून मेकॅनिकला बोलावू नका, पाणी थंड करून परत बघा. जाड लांब पिन अर्थची. आता मीटर ओहमच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर न्या. अर्थची पिन आणि बाकीच्या दोन यांच्यामध्ये नुसता १ दिसला पाहिजे, दुसरा आकडा नको. तिथे काही किलोओहम जरी आले तरी कॉइलमधून पाण्यात गळती आहे असं समजा आणि गिझर वापरू नका.

चालू गिझरचे वॅट मोजायचे असतील तर महावितरणच्या मीटरची मदत घ्या. त्याच्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरांवर ३२००. युनिट म्हणजे १००० वॅट एक तास. घरातलं बाकी सगळं, फ्रिजसकट, बंद करा, फक्त गिझर ठेवा. सोसायटीत मीटर खाली पार्किंगमध्ये असतात, त्यामुळे एकाने फोन धरून खाली उभं राहायचं. एका मिनिटात दिवा किती वेळा लागला ते मोजा.

वॅट = मिनिटातल्या लुकलुकी × ६०००० ÷ मीटरवरचा आकडा

१०७ मोजले तर १०७ × ६०००० ÷ ३२०० = २००६ वॅट. एकाही तारेला हात न लावता. मोजणी चुकू नये म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजला तरी चालतो.

आता एक प्रश्न, यात जाणकारही फसतात. व्होल्टेज घसरून १९० झालं तर गिझर करंट जास्त ओढेल की कमी? "वॅट तर २००० च आहेत" असं धरून २००० ÷ १९० = १०.५ अँपिअर काढणारे भेटतात. पण २००० वॅट हे २३० व्होल्टचे होते. १९० व्होल्टबरोबर ते घेतले की वेळ बदलली, अट मोडली. कॉइलचा रोध जवळजवळ तोच राहतो, तो धरून चला. १९० ÷ २६.४५ = ७.२ अँपिअर, आणि वॅट फक्त १३६५. व्होल्टेज सतरा टक्के उतरलं, शक्ती बत्तीस टक्के, कारण सूत्रात व्होल्टेज दोनदा येतं. डिसेंबरच्या पहाटे १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला २००० वॅटला जवळपास १६ मिनिटं लागतात, १३६५ ला २३. (लॅपटॉप, टीव्ही यांचे अडॅप्टर उलटे वागतात, व्होल्टेज उतरलं की खरंच जास्त करंट घेतात.)

आणि बिलाचं म्हणाल तर रोज अर्धा तास: २ किलोवॅट × अर्धा तास × ३० दिवस = ३० युनिट. इथे अर्धा तास म्हणजे कॉइल खरोखर चालू असलेला वेळ, स्विच चालू असलेला नव्हे.

पिवळा बल्ब खोटं बोलतो

जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब सापडला तर हा प्रयोग जरूर करा. हिशेबाने रोध ५२९ ओहम. होल्डरमधून काढून, थंड झाल्यावर मीटरने मोजा: ४० ओहमच्या आसपास. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध दहा-पंधरा पट वाढतो. २३० व्होल्ट आणि ०.४३ अँपिअर हे पेटलेल्या बल्बचे, ४० ओहम विझलेल्याचे. स्विच दाबल्याच्या क्षणी २३० ÷ ४०, म्हणजे पाच-सहा अँपिअरचा झटका बसतो, म्हणूनच असे बल्ब बहुतेक वेळा लावतानाच जातात. गिझरच्या कॉइलची नायक्रोम तार तापली तरी फारशी बदलत नाही, म्हणून तिथे दोन्ही आकडे जुळले.

पंखा, मिक्सर, पंप

इथे व्होल्टेज गुणिले करंट केलं की वॅट मिळत नाहीत, व्होल्टअँपिअर मिळतात. एसीवर मोटारीतला करंट व्होल्टेजच्या थोडा मागून येतो, दोघांचे चढउतार एका वेळी होत नाहीत. पुन्हा तीच वेळेची अट. म्हणून पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्होल्टअँपिअरचा किती भाग खरे वॅट आहे हे सांगणाऱ्या आकड्याने, गुणावं लागतं. सोसायटीच्या पंपावर क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर) समजा ६.५ अँपिअर दिसले: २३० × ६.५ = १४९५ व्होल्टअँपिअर. पाटीवर पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर १४९५ × ०.८ = ११९६ वॅट. पाटीवरचा १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारे. लाइनवरून घेतलेले नेहमी त्याहून जास्तच असतात.

क्लॅम्प एकाच तारेभोवती घाला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर शून्य दिसतं. आणि मोटारीच्या वाइंडिंगचा रोध मीटरने मोजून त्यावरून वॅट काढायला जाऊ नका, वाइंडिंग तुटलंय का एवढंच त्यातून कळतं.

वायर आणि सैल सॉकेट

आता ज्या हिशेबामुळे घरं वाचतात तो. १० मीटरचं एक्स्टेन्शन, आत ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर. तांब्याच्या अशा वायरीचा रोध किलोमीटरला २६ ओहम. जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.५२ ओहम. या वायरीत किती वॅट जातात?

कुणी २३० × २३० ÷ ०.५२ केलं तर लाखावर वॅट येतात. चूक उघड आहे: २३० व्होल्ट वायरीच्या दोन टोकांमध्ये नाहीत, ते वायर आणि गिझर मिळून आहेत. वायरीचं स्वतःचं व्होल्टेज आपल्याला ठाऊक नाही, करंट मात्र ठाऊक आहे, कारण गिझरमधून जातो तोच तिच्यातून जातो. अशा वेळी करंटवालं सूत्र:

८.७ × ८.७ × ०.५२ = ३९ वॅट, आणि व्होल्टेज ८.७ × ०.५२ = ४.५ व्होल्ट.

३९ वॅट वीस मीटरवर पसरले तर वायर कोमट होईल. तीच वायर गुंडाळून ठेवलेली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून जास्त लोड लावताना एक्स्टेन्शन पूर्ण उलगडायचं.

हाच अर्धा ओहम एका सैल स्क्रूखाली आला तर? पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, आणि खरं तर पंधरा वर्षं झालेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये, सॉकेटच्या आतले स्क्रू ढिले झालेले असतात, पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात. तिथे ३८ वॅट हरभऱ्याएवढ्या जागेत तयार होतात. शिसं वितळवणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झालाय. ते काम तिचं नाहीच.

त्यामुळे गिझर पंधरा मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिना उलट्या हाताने चाचपा. कोमट चालतील. चटका बसला, किंवा प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं दिसलं, तर मेन बंद करून वायरमनकडून स्क्रू आवळून घ्या. पट्ट्या काळ्या असतील तर आवळण्यात वेळ घालवू नका, सॉकेट आणि प्लगटॉप दोन्ही एकदमच बदला. एकच बदललात तर जुन्याच्या काळ्या पिना नव्याच्या पट्ट्या खराब करतात.